खाते ती, लागते माझ्या अंगी

उकळत्या पाण्यात गुळाचा खडा विरघळतो तेव्हा वास लगेच येत नाही. आधी पाण्याचा रंग बदलतो, मग भांड्याच्या कडेला तांबूस फेस धरतो, आणि मग एकाएकी, गुऱ्हाळाचे दार उघडावे तसा, तो वास घरभर होतो. अकोल्याच्या जुन्या शहरात, एका चिंचोळ्या गल्लीत माझ्या आईचे दोन खोल्यांचे घर आहे. कित्येक वर्षे ते घर मला गल्लीच्या तोंडाशीच या वासाने ओळखू येई. आई कोऱ्या चहात गूळ घालते, वर ठेचलेली सुंठ आणि गवती चहाची एक पात. मी लहान असताना भांडे चुलीवरून उतरवण्याआधी ती चमच्यात दोन थेंब घेऊन माझ्यापुढे धरायची आणि म्हणायची, "चाख." गूळ पुरला की नाही, हे मी सांगायचे.

वरणातले मीठ, कढीतला आंबटपणा, लोणच्याच्या खारातली मोहरी, सगळ्यांचा निकाल माझ्या जिभेवर लागे. धाकट्या बहिणीला हे काम कुणी कधी दिले नाही. अळणी वरणाची दुसरी वाटी संपवून ती विचारायची, "मीठ नव्हतं का यात?"

या बहिणीवर मी गेली चाळीस वर्षे वैतागलेली आहे. ती माझ्या दुप्पट खाते आणि तिचे वजन माझ्या जवळजवळ निम्मे आहे. एकाच आईच्या पोटच्या, एकाच चुलीवरचे खाऊन वाढलेल्या आम्ही दोघी. मी अमरावतीला महाविद्यालयात कविता शिकवते, चौऱ्याऐंशी किलोंची आहे आणि जिना चढताना मधल्या पायरीवर फळा वाचण्याचे निमित्त करून थांबते. ती हिवरखेडला शेतकऱ्याच्या घरात नांदते, पंचेचाळीस किलोंची आहे आणि अंगणातल्या बाजेवर वाळत घातलेल्या मिरच्यांवरून उडी मारून जाते. हे दुखणे मी मनातल्या मनात सोसलेही असते. पण आईने नवस बोलून ते काट्यावर चढवले.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात मला डेंग्यू झाला. अमरावतीच्या इस्पितळात अकरा दिवस काढले. त्या दिवसांतले मला फार थोडे आठवते: सलाईनच्या नळीचा गार स्पर्श, तोंडात तांब्याच्या पैशासारखी चव, आणि मनगटाभोवती आईची बोटे. ती सारखी माझे मनगट चाचपायची. घरी आल्यावर कळले की त्या अकरा दिवसांत तिने हिवरखेडच्या शिवारातल्या, कडुलिंबाखालच्या देवीला माझ्या वजनाइतका गूळ बोलला होता. हिवरखेड हे आईचे माहेर. धाकटीला तिने मुद्दाम त्याच गावात दिले. त्या गावात नवसाची तुला काही झाकून होत नाही. लिंबाच्या फांदीला दांडी लावून दोन मोठी पारडी टांगतात, एकात माणूस बसवतात, दुसऱ्यात गूळ रचतात, आणि गाव पाहत उभे राहते. नंतर रोडग्यांची पंगत होते आणि गूळ वाटला जातो.

मी लगेच तयार झाले होते. आजाराने नऊ किलो झडले होते. एवढी हलकी मी लग्नानंतर कधीच नव्हते.

"पुढच्याच रविवारी जाऊ," मी म्हणाले.

आई ऐकेना. "आता तोललं त देवीले फसवल्यावानी होईन, बाई. होती तेवढी होऊ दे तुले. मंग पाहू."

होती तेवढी व्हायला मला चार महिनेसुद्धा लागले नाहीत. संक्रांतीपर्यंत गेलेले नऊ किलो आले आणि येताना आणखी दोघांना सोबत घेऊन आले. आता आई तयार झाली आणि मी तयार होईना. "थंडी जाऊ दे," मी म्हणाले. मग परीक्षा आल्या, मग ऊन, मग पाऊस. दर रविवारी फोनवर आई एकच प्रश्न विचारायची, "कधी जाचं मंग?" आणि दर रविवारी मी तिला नवे कारण द्यायचे. खरे कारण तिला ठाऊक नाही, असे मी धरून चालले होते. मला चौऱ्याऐंशी किलोंनिशी त्या पारड्यात बसायचे नव्हते. निदान सत्तरवर यायचे होते. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ढेपांवर ढेपा, आणि समोर हातात रोडगा घेऊन माझी बहीण: हे चित्र डोळ्यांपुढे आले की मला बसल्या जागी घाम फुटे.

तिचे जेवणे ज्यांनी पाहिले नाही त्यांना माझी चीड समजणार नाही. रोडगा म्हणजे कणकेचा मुठीएवढा गोळा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेला, फोडून तुपात बुडवलेला. दोन रोडगे खाल्ले की माणूस झाडाखाली आडवा होतो. माझी बहीण पाच खाते. सोबत वांग्याची भाजी, वरण, वर ताक. खाता खाता बोलते, बोलता बोलता उठून दुसऱ्यांना वाढते, परत येऊन बसते आणि सहावा फोडते. मी शेजारी एक रोडगा घेऊन बसलेली असते, आणि तोही अर्धा. तरी पंगतीतल्या बायका वळून माझ्याकडेच पाहतात. मागे एका लग्नात तिच्या चुलत सासूने तिला सगळ्यांसमक्ष विचारले, "काहून वं, इतकं खाते त जाते कुठी?"

बहिणीने तोंडातला घास गिळण्याचीही वाट पाहिली नाही. "खाते मी मामी, अन् लागते ताईच्या अंगी!"

पंगत खदखदून हसली. मीही हसले. हसावे लागते.

नवसाच्या त्या वर्षात मी जे जे केले त्याची आठवण मला अजूनही चिडवते. पहाटे उठून अमरावतीच्या कॅम्प भागातल्या रस्त्यांवर भरभर चालले. भात सोडला, साखर सोडली, सकाळी जवसाची भुकटी गार पाण्यातून घेतली. तिची चव ओल्या पुठ्ठ्यासारखी असते. तीन महिन्यांनी काटा दीड किलोने खाली आला आणि गणपतीत परत वर गेला. अखेर मी एका डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि त्यांना स्पष्टच विचारले: माझी बहीण खाते आणि फुगत नाही, मी खात नाही आणि फुगते, हा काय न्याय?

बाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी मला समजावून सांगितले की प्रत्येकाचे शरीर नुसते जिवंत राहण्यासाठीही सारखीच शक्ती खर्चत नसते. कुणाचे स्नायू जास्त, कुणाचे कमी. कुणाचा हात-पाय दिवसभर एका जागी ठरत नाही, आणि ते बारीकसारीक हलणेही दिवसाअखेरी पुष्कळ होते. कुणाला पोट भरल्याचा निरोप लवकर पोचतो, कुणाला उशिरा. काही भाग आईबापांकडून येतो, आणि सख्ख्या बहिणींनाही त्यातला वाटा सारखा मिळेल असे नाही. शिवाय, बाई म्हणाल्या, आपण दुसऱ्याचे एक जेवण पाहतो आणि त्यावरून त्याचा आठवडा ठरवतो.

"आणि तुम्ही स्वतःचं सांगितलंत, त्यात स्वयंपाक करताना तोंडात जातं ते धरलंत का?"

मला राग आला. घरी येऊन त्या रागातच एक दिवस मी स्वतःवर पाळत ठेवली. वरणाचे दोन चमचे, मिठासाठी. भाजीची एक फोड, शिजली का पाहायला. शेजारणीने चिवडा आणून दिला, "पाहा बरं तिखट झाला का," तो मूठभर. महाविद्यालयात सहकारी बाईंच्या डब्यातली शेंगोळी, कारण त्यांना माझे मत हवे होते. संध्याकाळी नवऱ्याच्या ताटातला उरलेला भात, टाकवत नाही म्हणून. मी जेवले नव्हते आणि दिवसभर खात होते. पन्नास वर्षे ज्या जिभेचा मान मिरवला तिने मला असे गोत्यात आणावे!

मग मी चाखणे बंद केले. अकोल्याला गेले तेव्हा आईने सवयीने वरणाचा चमचा पुढे केला, "चाख." मी तोंड फिरवले. "नको आई, डॉक्टरांनी बंद केलं." तिने चमचा धरलेला हात थोडा वेळ तसाच ठेवला, मग चमचा परत वरणात सोडला. त्या दिवशीचे वरण खारट होते.

चहाच्या वेळी आईने माझ्या बिनसाखरेच्या चहासोबत स्वतःचा चहाही गुळाविनाच गाळला.

"तूही गूळ सोडला?" मी विचारले.

"बिनगुळाचाच बरा वाटते आता."

मला केवढे कौतुक वाटले! माझ्यासोबत आईही पथ्य पाळते आहे असे मी समजले. शहात्तराव्या वर्षी बाई गूळ सोडू शकते आणि तुला सहावा रोडगा सोडवत नाही, असे मी धाकटीला फोनवर सुनावलेसुद्धा. पलीकडून ती काही बोलली नाही. ती गप्प राहते म्हणजे घास तोंडात आहे, असे मी धरून चालले.

दिवाळीच्या सुटीत मी आठवडाभर हिवरखेडला राहायला गेले. सांगितले, विश्रांतीला आले. खरे तर मला तिचे बिंग फोडायचे होते. इतके खाऊन माणूस काडीसारखे राहते ते कसे, हे मला सात दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत, माझ्या डोळ्यांनी पाहायचे होते.

पाहिले. कापसाची वेचणी सुरू होती. ती सकाळी चहात शिळी भाकर बुडवून उभ्याउभ्याच खाई आणि बायकांसोबत शेतात जाई. मी बांधावर खुर्ची टाकून बसे. दुपारी सगळ्यांनी शिदोऱ्या सोडल्या की ती कुणाला पाणी दे, कुणाच्या पोराला झोका दे, असे करत जेवणाचे दोन घास खाई आणि उठे. बसली तरी तिचा पाय हलत असे, हात गवताच्या काड्या मोडत असत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर तिची शिदोरी पिशवीत जशीच्या तशी, फडक्याची गाठसुद्धा न सोडलेली.

"हे काय?"

तिने कपाळावर हात मारून घेतला. "जेवाचं राह्यलंच की वं!"

मी खुर्चीत बसून राहिले. जेवायचे राहून जाते! एकावन्न वर्षांच्या आयुष्यात मी पेन विसरले, किल्ल्या विसरले, एकदा परीक्षेच्या हॉलची तारीख विसरले. जेवायचे मी एकदाही विसरले नाही. दुपारचे ताट समोर असताना मला रात्रीची भाजी सुचत असते. दहा वर्षांपूर्वीच्या कुठल्या लग्नात वांग्याच्या भाजीत खसखस जास्त पडली होती, हे मी आजही सांगू शकते. तिला काल काय खाल्ले ते आठवत नाही. घास तिच्यातून वाऱ्यासारखा जातो. माझ्यात तो बिऱ्हाड करतो.

गुरुवारी शेजारी वास्तुशांत होती. तिथे ती चार पुरणपोळ्या जेवली, दुधात कुस्करून. बायकांनी डोळे मोठे केले, पुन्हा तीच थट्टा झाली. पण मी आता पाळतीवर होते. त्या रात्री ती नुसते ताक प्याली, आणि शुक्रवारी दुपारपर्यंत तिला भूक लागली नाही. मुद्दाम केले नव्हते. तिच्या ध्यानातही आले नव्हते. गावाने पोळ्या पाहिल्या, ताक कुणीच पाहिले नाही. डॉक्टरीणबाई बरोबर होत्या. म्हणजे बिंग काही निघाले नाही. यात तिचे कौशल्य नव्हते की संयम नव्हता. असता तर निदान मला त्याचा हेवा तरी करता आला असता. तिची घडणच तशी, माझी अशी. ज्याला दोष द्यावा असे कुणी सापडू नये, यासारखा दुसरा वैताग नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती अंगणात शेंगा भाजत होती. मी तिला आठवड्याची उजळणी ऐकवली: सोमवारी हे खाल्लेस, मंगळवारी ते राहिले, गुरुवारी चार पोळ्या. तिने शांतपणे ऐकून घेतले. निखाऱ्यातल्या शेंगांचा वास दाट झाला होता, एक बाजू करपायला आली होती. मला ते कळत होते, तिला नव्हते.

"ताई," ती म्हणाली, "तू वर्षभर माह्यं ताट पाहून राहिली. आईचं पाह्यलं का एखाद्या डाव?"

"आईचं काय?"

"तिनं गूळ सोडला ना वं. तुह्या नवसासाठी. नवस फिटेपर्यंत गोड तोंडात घ्याचं नाई म्हणे. चौदा महिने झाले."

मी तिच्याजवळ सरकले. ती सांगत गेली. "संक्रांतीचा तिळगूळ तू हातावर ठेवला तिच्या, त तिनं कपाळाले लावून पदराले बांधला. दिवाळीची करंजी घेतली, अन् गाईले देली. मले दिसलं. तुले सांगू नको म्हणे. पोरगी लाजून राहिली वजनाले, आपल्या पायी तिले घाई नको. इतकं म्हणे."

म्हणजे खरे कारण आईला ठाऊक होते. पहिल्यापासून.

शेंगा करपल्या. बहिणीने त्या तशाच खायला घेतल्या. मी तिथेच बसून वर्षभरातली आईची सगळी ताटे एकामागून एक आठवून पाहिली, आणि माझ्या या मिरवलेल्या स्मरणशक्तीला त्यातले एकही नीट आठवेना. गल्लीच्या तोंडाशी येणारा तो वास चौदा महिने आला नव्हता. मी त्या गल्लीतून कितीदा गेले असेन, माझ्या नाकासकट. बहिणीचे रोडगे मोजता मोजता मला आईच्या कपातला बिनगुळाचा चहा दिसला होता, आणि मी त्याला शाबासकी देऊन मोकळी झाले होते. ज्या बाईला स्वतःचे काल जेवलेले आठवत नाही तिला मात्र तो नेमका दिसला होता.

"पुढच्या रविवारी," मी म्हणाले.

"अन् सत्तर किलो?"

"तू गप बस. शेंगा खा."

कार्तिकातल्या त्या रविवारी सकाळी लिंबाखाली सडा टाकला होता. अडत दुकानातून आणलेली दोन पारडी जाड दोरांनी फांदीला टांगली होती. रोडगे भाजायला रचलेल्या गोवऱ्यांच्या हाराचा धूर खालून सरपटत येत होता. मी देवीला कुंकू वाहिले आणि पारड्यात मांडी घालून बसले. फांदी कुरकुरली. बायकांतून कुणीतरी म्हणाले, "लिंबाले सांगा, धीर धर," आणि हसू उसळले. बहीण माझ्यामागे दोर धरून उभी होती. "हसा मामी," ती ओरडली, "हे सारं माह्यंच खाल्लेलं हाय, जरा मले पण मान द्या!"

पुढ्यातल्या पारड्यात ढेपा येऊ लागल्या. दहा-दहा किलोंच्या, तपकिरी, वर ताडपत्रीचे ठसे उठलेल्या. चार ठेवल्या, माझे पारडे ढिम्म. सहा ठेवल्या. मी जमिनीकडे पाहत होते आणि कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. आठवी ठेवल्यावरही मी जमिनीवरच. मग आई उठली. उरलेल्या किलो-किलोच्या लहान भेल्या तिने दुसऱ्या कुणाला ठेवू दिल्या नाहीत. एकेक भेली दोन्ही हातांनी उचलून ती ठेवत गेली, चार भेल्या, आणि प्रत्येक भेलीनंतर माझ्याकडे पाहत गेली. इस्पितळात माझे मनगट चाचपताना तिच्या चेहऱ्यावर जे होते, ते आता तिथे नव्हते. मी एवढी जड आहे याचा या जगात एका माणसाला निव्वळ आनंद होऊ शकतो, हे माझ्या कधी डोक्यातही आले नव्हते. पारडी बरोबरीत आली, हलली, थांबली. आईने आणखी एक भेली वर ठेवली. माझे पारडे उंच गेले.

नैवेद्य झाला. ढेप फोडायला घेतली तसा तो वास सुटला, गार गुळाचा, किंचित खारट, उसाच्या मळीचा. लोक आईकडे पाहत होते. पहिला खडा तिचा होता. तिने तो उचलला, कपाळाला लावला. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले.

तिने खडा तोंडाजवळ नेला आणि थांबली. मग हात लांब करून तो माझ्या ओठांपुढे धरला.

"चाख."